मुंबई–लंडन : एका अंतराचा इतिहास

मुंबई आणि लंडन यांच्यातले सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सौराष्ट्र ओलांडून जवळजवळ थेट कराचीवरून जातो. पुढे बलुचिस्तान, इराणचे वाळवंट, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन आणि मध्य युरोप असा त्याचा मार्ग पडतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ मात्र बगदाद आणि तुर्कस्तान यांवरून जाताना दिसते. ती दिसायला सरळ असली, तरी प्रत्यक्षात लांबची असते. जहाजे आणि विमाने यांचे मार्ग आखताना गोलावरचेच अंतर धरावे लागते.

ही ७,२०० किलोमीटरची रेघ कधीच बदललेली नाही. तरीही तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला एके काळी सहा महिने लागत आणि आज नऊ-दहा तास लागतात. हा फरक नुसत्या वेगाने पडला नाही. वाटेत थांबायला जागा कुठे मिळते, वारा कोणत्या दिशेचा आहे आणि कोणाच्या मुलखातून जाण्याची परवानगी आहे, या तीन गोष्टींनी मुंबई–लंडन अंतर प्रत्येक काळात नव्याने ठरवले.

या दोन शहरांचा राजकीय संबंध १६६१ सालच्या विवाह-तहापासून सुरू झाला. पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबई बेट मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे मुंबईहून लंडनला जाण्याची मुख्य वाट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जात होती. ही वाट सुमारे २०,००० किलोमीटरची, म्हणजे सरळ अंतराच्या पावणेतीन पट लांब होती. शिडाच्या जहाजाला तेवढे अंतर कापायला चार ते सहा महिने लागत, आणि निघायचे केव्हा हे वाऱ्यावर ठरे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर मुंबईहून पश्चिमेला निघणे जवळपास अशक्य होते. बहुतेक जहाजे पावसाळा सरल्यावर, ईशान्येचा वारा धरून निघत. एक मोसम हुकला की पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागे. पत्र पाठवून त्याचे उत्तर हाती येईपर्यंत वर्ष उलटणे ही नेहमीची गोष्ट होती.

या विलंबाचा मराठी इतिहासावर थेट परिणाम झाला. मार्च १७७५ मध्ये मुंबईच्या इंग्रज कौन्सिलने रघुनाथराव पेशव्यांशी सुरतेचा तह केला आणि त्यांना गादीवर बसवण्यासाठी फौज देण्याचे कबूल केले. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला हा तह मान्य नव्हता. त्यांनी आपला वकील पुण्याला धाडला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह करून सुरतेचा तह मोडीत काढला. इकडे हे घडत होते, तेव्हा सुरतेच्या तहाची बातमी लंडनला पोहोचून कंपनीच्या संचालकांचे उत्तर परतीच्या वाटेवर होते. ते मुंबईत आले तेव्हा पुरंदरच्या तहाला काही महिने होऊन गेले होते, आणि त्या उत्तरात सुरतेच्या तहाला मंजुरी होती. मुंबईकर इंग्रजांना पुन्हा रघुनाथरावांची बाजू घ्यायला तेवढा आधार पुरला. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांसमोर त्यांची जी दैना झाली, तिच्यामागची कारणे अनेक होती. पण आज्ञा आणि अंमल यांच्यामध्ये वीस हजार किलोमीटरचा समुद्र होता, हे त्यांतले मोठे कारण मानावे लागते.

रघुनाथरावांनीही आपली बाजू मांडण्यासाठी १७८१ मध्ये हणमंतराव नावाचे वकील मणियार रतनजी या पारशी गृहस्थांबरोबर लंडनला पाठवले होते. तिथे ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि ब्राह्मणाच्या सोवळ्याओवळ्याची सोय होईल अशी स्वतंत्र जागा दिली. समुद्र ओलांडून लंडनला गेलेल्या पहिल्या मराठी माणसांमध्ये हणमंतरावांची गणना होते. समुद्रप्रवास निषिद्ध मानणाऱ्या काळात हा प्रवास करण्यासाठी लागलेले धाडस मैलांत मोजता येणार नाही.

या वाटेला पहिला पर्याय मुंबईच्याच गोदीतून निघाला. वाडिया घराण्यातील जहाजबांधणी कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनी आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझला निघाली. कल्पना अशी होती की, तांबड्या समुद्राने सुएझला जायचे, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया गाठायचे आणि भूमध्य समुद्रातले दुसरे जहाज धरायचे. आफ्रिकेचा वळसा त्यामुळे पूर्ण वाचणार होता. अडचण कोळशाची होती. बोटीच्या इंजिनांना इतका कोळसा लागे की, एडनपर्यंत पुरेल एवढा साठा भरल्यावर ती पाण्यात धोकादायक खोल बसली. पुढचा कोळसा वाटेतल्या बंदरांत शिडाच्या जहाजांनी आधी नेऊन ठेवावा लागला. सुएझला पोहोचायला तिला ३३ दिवस लागले आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश दिवस कोळसा भरण्यात गेले. तरीही सुएझचा मार्ग आगबोटीच्या आवाक्यात असल्याचे सिद्ध झाले. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्य वाऱ्यासमोर या पहिल्या आगबोटींचे काही चालत नसे.

कोळशाच्या गरजेने एडनचे महत्त्व वाढवले. जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारच्या फौजेने ते बंदर जिंकले आणि पुढे नव्वदहून अधिक वर्षे, १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. नकाशावर अरबस्तानाच्या टोकाला असलेले गाव मुंबईच्या सचिवालयाच्या कागदांत एखाद्या जिल्ह्यासारखे का येते, याचे उत्तर मुंबई–लंडन वाटेवरच्या कोळशाच्या थांब्यात आहे.

इजिप्तमधल्या जमिनीवरच्या टप्प्याची घडी बसवण्यात टॉमस वॅगहॉर्न या माजी नौदल अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. कैरो ते सुएझ हे सुमारे १३५ किलोमीटरचे वाळवंट ओलांडताना प्रवाशांना विसाव्याची ठिकाणे लागत. वॅगहॉर्नने ती उभारली, उंट आणि गाड्यांची व्यवस्था केली आणि टपाल नेण्याचे काम अंगावर घेतले. अलेक्झांड्रियाहून कालव्याने आणि नाईल नदीने कैरो, तिथून वाळवंटातून सुएझ आणि तिथून आगबोटीने मुंबई या मार्गाला ‘ओव्हरलँड’ नाव पडले. खरे तर त्यातला बहुतेक प्रवास पाण्यावरूनच होई. वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी १८३८ मध्ये शिडाच्या जहाजाने केपमार्गे इंग्लंडला गेले. त्यांचेच नातलग अर्देशिर कर्सेटजी पुढच्याच वर्षी इजिप्तमार्गे गेले आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी छापली. एकाच घराण्यात, एका वर्षाच्या अंतराने, दोन युगांचे प्रवास घडले.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले ते १८५३ पर्यंत तिथेच राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, तेव्हाही त्यांचा हा वकील लंडनमध्ये झगडत होता. रंगो बापूजींचा मुक्काम ज्या वर्षांत झाला, त्याच वर्षांत इजिप्तमार्गे टपाल दीड महिन्याच्या आत पोहोचू लागले होते. लंडनला पोहोचणे पूर्वीपेक्षा सोपे झाले होते, पण तिथे न्याय मिळणे सोपे झाले नाही.

पुढच्या वीस वर्षांत या वाटेवर सुधारणांची रांग लागली. अलेक्झांड्रिया–कैरो रेल्वे १८५६ मध्ये आणि कैरो–सुएझ रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. याच दशकात मुंबई–सुएझ टपालाचे काम कंपनीच्या आरमाराकडून पी. अँड ओ. या जहाज कंपनीकडे आले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि लंडन–मुंबई सागरी अंतर २०,००० किलोमीटरवरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. कालव्याचा लाभ आगबोटींनाच झाला, कारण अरुंद कालव्यात आणि तांबड्या समुद्राच्या लहरी वाऱ्यांत शिडाची जहाजे चालवणे अवघड होते. त्यामुळे कालव्याने अंतर कमी केले आणि त्याबरोबर शिडाच्या व्यापारी जहाजांचे दिवसही या वाटेवरून संपवले.

त्याच सुमारास मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. आतापर्यंत बंगालचे विलायती टपाल समुद्रमार्गे थेट कलकत्त्याला जात असे. आता ते मुंबईला उतरून रेल्वेने जाऊ लागले आणि मुंबई सगळ्या हिंदुस्थानचे दार झाली. जून १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने लंडन आणि मुंबई जोडली गेली, तेव्हा बातमी माणसापासून सुटली. कापसाचा भाव काही तासांत कळू लागला, पण कापूस आणि माणूस मात्र अजून आठवड्यांच्याच हिशोबात प्रवास करत होते. १८७१ मध्ये आल्प्समधला माँ सेनी बोगदा खुला झाल्यावर टपाल रेल्वेने इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिझी बंदरापर्यंत जाऊन तिथून बोटीने पुढे निघू लागले. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत लंडन ते सुएझ सात दिवस आणि सुएझ ते मुंबई तेरा दिवस असा हिशोब मांडला आहे. तो कल्पनेतला नसून त्या वेळच्या वेळापत्रकांवर बेतलेला आहे.

रेल्वेची ही युक्ती नीट समजली, तर त्या काळातल्या प्रवासाच्या तारखांचा अर्थ लागतो. जहाज इंग्लंडहून निघून पोर्तुगाल आणि जिब्राल्टरला वळसा घालून मार्सेयला येई, त्याला सुमारे आठवडा लागे. तेच अंतर रेल्वेने एका दिवसात जाई. म्हणून घाई असलेला प्रवासी लंडनहून रेल्वेने मार्सेय किंवा ब्रिंडिझी गाठून तिथे जहाज धरी. स्वातंत्र्यवीर सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली. ८ जुलैला मार्सेयच्या बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. पुढे एडनला त्यांना ‘साल्सेट’ बोटीवर चढवले गेले आणि २२ जुलैला ते मुंबईत पोहोचले. पूर्ण पाण्यावरून झालेला हा प्रवास तीन आठवड्यांचा होता. ‘साल्सेट’ हे साष्टी बेटाचेच इंग्रजी नाव. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मोठ्या बोटी मुंबईला न येता एडनवरून परस्पर जात, म्हणून एडन–मुंबई टप्प्यासाठी पी. अँड ओ.ने १९०८ मध्ये ही वेगवान बोट खास ठेवली होती. याउलट महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले, मार्सेयला उतरले, रेल्वेने फ्रान्स पार करून १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. त्यांचा प्रवास चौदा दिवसांचा झाला. दोन्ही प्रवासांतल्या सात दिवसांच्या फरकातला मोठा भाग मार्सेय ते लंडन या रेल्वेचा आहे.

या काळात मुंबईचे जीवन विलायती टपालाच्या वारावर बेतलेले असे. टपालाची बोट दर आठवड्याला सुटे. पत्रांची छाननी करायला वेळ जाऊ नये म्हणून १८६८ पासून बोटीवरच टपाल कार्यालय चाले आणि टपाल खात्याचे कारकून एडनच्या वाटेवर हलत्या बोटीत पत्रे गावागावांनुसार लावत. मुंबईच्या बॅलार्ड पिअर या धक्क्याला बोट लागली की तिथल्याच रेल्वे स्थानकातून टपालाच्या गाड्या उत्तरेकडे सुटत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल ही रेल्वेगाडी याच व्यवस्थेची मुलगी. विलायतेला शिकायला जाणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी घरच्यांचा निरोप बॅलार्ड पिअरवर घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ऑक्टोबर १९३० मध्ये ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने इथूनच निघाले आणि दोन आठवड्यांत लंडनला पोहोचले. तेरा वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात ते लंडनहून परतत असताना त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने जमवलेला संग्रह समुद्रात गेला. अशा नुकसानीची मोजदाद कोणत्याही वेळापत्रकात नसते, पण त्या काळच्या या वाटेचा विचार करताना ती विसरता येत नाही.

हवेतली वाट महायुद्ध संपताच शोधली जाऊ लागली. डिसेंबर १९१८ मध्ये हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान इंग्लंडहून निघून महिनाअखेरीस कराचीला पोहोचले. नियमित सेवा मात्र ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचा तो प्रवास आज वाचताना विमानप्रवास वाटत नाही. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधले बाझल, तिथून रेल्वेने जिनोआ, जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, आणि तिथून पुन्हा चाकांच्या विमानाने गाझा, इराकच्या वाळवंटातला रुतबाचा किल्ला, बगदाद, बसरा आणि इराणच्या किनाऱ्यावरचे थांबे घेत कराची, असा तो होता. भाडे १३० पौंड होते आणि वेळ सात दिवस. रात्री विमाने उडत नसत, प्रवासी वाटेतल्या विश्रामगृहांत झोपत. मधली रेल्वे तांत्रिक कारणासाठीच नव्हती. फ्रान्सकडून येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटलीने वाट दिली नव्हती. इराणनेही किनाऱ्याने जाण्याची परवानगी बऱ्याच घासाघिशीनंतर आणि मुदतीची दिली. १९३२ मध्ये ती मुदत संपल्यावर सगळा मार्ग आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्याला, कुवेत, बहरीन आणि शारजाकडे, हलवावा लागला. शारजाच्या वाळूत त्या वर्षी प्रवाशांसाठी किल्लेवजा विश्रामगृह बांधले गेले. आजच्या आखाती विमानतळांच्या भरभराटीचा एक आरंभ तिथे आहे.

हा मार्ग कराचीला संपत होता, मुंबईला नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला हवाई टपाल कराचीहून रेल्वेने यायचे आणि त्यात सुमारे दोन दिवस जायचे. लंडनहून सात दिवसांत आलेले पत्र अखेरच्या पावणेनऊशे किलोमीटरला दोन दिवस लावी. तो टप्पा जे. आर. डी. टाटा यांनी जोडला. टाटा यांना १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. १९३० मध्ये इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने विमान चालवणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी ठेवलेल्या बक्षिसाच्या शर्यतीतही ते उतरले. ते कराचीहून पश्चिमेला निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून पूर्वेला. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पींचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग दिले आणि शर्यत अस्पींनी जिंकली. हेच अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान उडवले. अहमदाबादला इंधनासाठी उतरून दुपारी ते जुहूच्या वाळूवर पोहोचले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूला तेव्हा धावपट्टी नव्हती. भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याने ती जागा पावसाळ्यात निकामी होई, म्हणून चार महिने ही सेवा पुण्याला येरवड्याच्या मैदानावरून चालवली जाई. शिडाच्या जहाजांना अडवणारा पावसाळा पहिल्या विमानांनाही अडवत होता. मुंबई–लंडन या सरळ रेघेवर कराची किती नेमके बसते, हे पाहिले की टाटांचे ते उड्डाण या इतिहासात वेगळे उठून दिसते. त्यांनी जोडलेला तुकडा हा त्या रेघेचाच मुंबईकडचा शेवटचा भाग होता.

दुसऱ्या महायुद्धाने सगळे पुन्हा मागे नेले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्र धोक्याचा झाला आणि जहाजे पुन्हा केपच्या वळशाने जाऊ लागली. इंग्लंडशी थेट हवाई वाट तुटली. पाण्यावरची विमाने मग दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनपासून कैरो, कराची, कलकत्ता करत सिडनीपर्यंत जात. केपचा मार्ग संपला असे सत्तर वर्षे समजले जात होते, ते खरे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई स्वतः हवाई मार्गाचे टोक झाली. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले. भाडे १,७२० रुपये होते. कैरो आणि जिनिव्हा हे दोन थांबे घेत ते लंडनला पोहोचले. अंतर सुमारे ८,००० किलोमीटर, म्हणजे सरळ रेघेपेक्षा साताठशे किलोमीटर जास्त होते, आणि वेळ थांब्यांसह सुमारे एक दिवस. बोटीचे चौदा दिवस एका दिवसावर आले. प्रमाणाने पाहिले, तर एकूण इतिहासात प्रवासाच्या काळातली ही सर्वांत मोठी कपात असावी. तरी विमानाचे भाडे सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते आणि पुढची दहा-पंधरा वर्षे विलायतेला जाणारे बहुतेक मराठी विद्यार्थी, परिचारिका आणि डॉक्टर बोटीनेच गेले.

जिनिव्हाचा थांबा दोनदा जिवावर बेतला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान जिनिव्हाकडे येताना माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि त्यातले ४८ जण दगावले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळपास त्याच जागी आदळले. त्यात दगावलेल्या ११७ जणांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. हे विमान मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा आणि लंडन करत न्यूयॉर्कला जाणार होते. प्रत्येक थांबा म्हणजे एक उतरणे आणि एक चढणे, आणि हवाई प्रवासातला धोका याच वेळी सर्वांत जास्त असतो. थांबे कमी होणे वेळेइतकेच सुरक्षिततेसाठीही हिताचे होते.

जेट विमानांनी ते शक्य केले. ब्रिटिशांचे ‘कॉमेट’ १९५२ मध्ये मुंबईमार्गे कोलंबोपर्यंत येऊ लागले होते, पण हवेतच तुटून पडण्याच्या अपघातांमुळे १९५४ मध्ये ते जमिनीवर बसवावे लागले. एअर-इंडियाची ७०७ विमाने एप्रिल १९६० मध्ये लंडनच्या मार्गावर आली आणि उड्डाणाचे तास जवळपास निम्म्यावर आले. १९७१ मध्ये ‘जम्बो’ ७४७ आले, एका उड्डाणात सुमारे साडेतीनशे माणसे जाऊ लागली आणि भाडे आवाक्यात येऊ लागले. सुएझ कालवा जून १९६७ ते जून १९७५ असा आठ वर्षे बंद राहिला. बोटींचा प्रवासी धंदा आधीच डबघाईला आला होता, केपच्या वळशाने तो या वाटेवर संपलाच. त्यानंतर इंजिनांची बचत वाढत गेली, टाक्या मोठ्या झाल्या आणि थांबे एकेक करून गळाले.

आज मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर थेट उड्डाणे जातात. ७,२०० किलोमीटर अंतर आणि ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेग असा भागाकार केला, तर आठ तास येतात. प्रत्यक्षात जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना हा वारा समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. त्यामुळे येण्याचा प्रवास तासभर कमी असू शकतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणे, चढणे, हीथ्रोवर गर्दीमुळे घिरट्या घालणे हे सारे त्यात येते. घड्याळाचा फरक वेगळाच. हिवाळ्यात लंडन भारतापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेचार तास. हिवाळ्यात दुपारी दोनला मुंबईहून निघालेला प्रवासी साडेनऊ तास उडून संध्याकाळी सहाला उतरतो. दोन्ही ठिकाणच्या स्थानिक घड्याळांनुसार चारच तास गेलेले असतात. परतताना मात्र ते सारे तास भरून द्यावे लागतात. १९५५ पर्यंत या हिशोबात आणखी एक गुंता होता. भारतभर प्रमाणवेळ १९०६ पासून लागू असली, तरी मुंबई तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची ‘मुंबई वेळ’ पाळत होती.

परवानगीचा प्रश्न मात्र १९२९ सालाइतकाच आजही जिवंत आहे. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे, म्हणून सरळ रेघेचा तो भाग सोडून दक्षिणेकडून जावे लागते. समुद्रावर २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक मालवाहू जहाजे पुन्हा केपला वळसा घालू लागली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. दोन्ही टोके तीच असूनही त्यानंतर मुंबई–लंडन अंतर विमानावरच्या झेंड्यानुसार वेगळे झाले. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला कराचीकडची वाट घेता येते. भारतीय कंपनीचे विमान अरबी समुद्रावरून अरबी द्वीपकल्पाकडे वळते, म्हणजे तांबड्या समुद्राच्या जुन्या बोटमार्गाच्या बाजूने जाते. त्याला जास्त इंधन आणि जास्त वेळ लागतो. १३ जून २०२५ रोजी पहाटे इराणचे आकाशही बंद झाले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान सुमारे तीन तास उडून पुन्हा मुंबईलाच उतरले.